छान म्हणजे कसा?

२०२१च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी हॉलमध्ये लॅपटॉप उघडून स्टँडअपला बसलो होतो आणि स्वयंपाकघरातून गॅसचा वास आला. आत गेलो. आई ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं, ज्योत नाही, आणि तिथून हातभर अंतरावर ती शांतपणे काड्या बाजूला काढत होती. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली, तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

"आरं, झालं काय?" ती विचारत होती. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

महिन्याभरापूर्वी आम्हा तिघांनाही कोरोना होऊन गेला होता. पप्पांना पाच दिवस ताप, मला खोकला, आणि आईला काहीच नाही, फक्त वास गेला. "तुझं थोडक्यात निभावलं," असं आम्ही तिला म्हणायचो. वास माझाही गेला होता, पण दहा-बारा दिवसांत परत आला. तिचाही आला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मिसळतात. म्हणजे घराची सगळी सुरक्षा कुणाच्या तरी नाकावर सोडलेली असते. अलार्म वाजत होता, पण तो ऐकणारी सर्व्हिसच आमच्याकडे महिनाभर डाऊन होती आणि कुणी लॉग तपासला नव्हता.

मग मी बघायला लागलो. नासलेलं दूध तिनं दोनदा चहात घातलं होतं. आमटीची फोडणी करपली तरी ती उलथनं हलवत राहायची. दर उन्हाळ्यात ती काळा मसाला भाजते, गल्लीच्या टोकापर्यंत ठसका जातो. त्या वर्षी खोबरं आणि धणे डब्यातच राहिले. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणायची. जेवायला बसली की अर्धी भाकरी. "भुस्सा चघळल्यागत लागतंय" एवढंच एकदा बोलली. तीस वर्षं हिनं मीठ, तिखट, शिजलं-कच्चं हे सगळं वासावरून ठरवलं होतं, चमचाभर चाखून नाही. तिचा हुद्दाच गेला होता, आणि आम्ही त्याला 'थोडक्यात निभावलं' म्हणत होतो.

गुलाब

डॉक्टरांनी सांगितलं की यावर गोळी नाही, पण नाकाचा व्यायाम आहे. घरी येऊन वाचलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल नावाच्या संशोधकानं २००९ साली हा प्रयोग छापला होता. चार वास घ्यायचे : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. नाकातल्या वास घेणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात. कोरोनाचा विषाणू बहुतेक वेळा त्यांना न मारता त्यांच्या आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशींना मारतो. त्यामुळे रस्ता पुन्हा बांधता येऊ शकतो. येईलच असं नाही, येऊ शकतो.

लवंग आणि लिंबू घरात होते. निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये मिळालं. गुलाब कुठून आणायचा? आईनं कपाटातून संक्रांतीच्या हळदीकुंकवाची अत्तरदाणी काढून दिली. आतला कापूस वाळून खडखडीत झाला होता.

जूनमध्ये दुकानं उघडल्यावर बाजारात गेलो. अत्तरवाले चाचा अर्ध्या शटरखाली बसले होते. कुंकू, बुक्का, अष्टगंध, सुरमा आणि काचेच्या इवल्या बाटल्या, सगळं एका फळीवर. तीन मिलीची गुलाबाची बाटली साठ रुपयांना. मी हुशारी करत विचारलं, "असली आहे का?" ते हसले. "बेटा, साठ रुपयात असली गुलाब असता तर मी इथं बसलो असतो का?"

खरंच होतं. किलोभर गुलाबाचं तेल काढायला तीन-चार टन पाकळ्या लागतात. कनौजला तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि भपक्यातल्या चंदनाच्या तेलात सुगंध मुरतो. चंदन महागलं तसं स्वस्तातल्या मालात त्याची जागा द्रव पॅराफिननं घेतली. साठ रुपयांच्या बाटलीतला गुलाब बहुतेक फेनिल इथाइल अल्कोहोल या रसायनाचा असतो. मी नाराज होणार होतो, तेवढ्यात आठवलं : ड्रेस्डेनच्या प्रयोगात 'गुलाब' म्हणून नेमकं हेच रसायन वापरलं होतं. चाचांची नकली बाटली शास्त्रशुद्ध निघाली.

आईनं बाटली नाकाशी धरली. वाट बघितली. मान हलवली. मग बाटली माझ्याकडे देत म्हणाली, "तुला कसा येतोय?"

"छान."

"छान म्हणजे कसा?"

मला सांगता येईना. फ्रेश, स्ट्राँग, स्वीट, असले तीन-चार शब्द होते, आणि ते साबणाच्या जाहिरातीतले होते. ती म्हणाली, "तू लाव. दिवसभर लावून बस. सकाळी कसा, दुपारी कसा, सांजच्याला कसा, सांग मला."

अशी माझी ड्युटी सुरू झाली. मनगटावर एक थेंब, कानामागं एक. मी गूगल शीट बनवली : तारीख, अत्तर, वेळ, माझं वर्णन, आईला काय आलं.

गुलाबाची नोंद अशी आहे. सकाळी : गुलकंद, पण लाऊडस्पीकरवर लावलेला. दुपारी : लग्नात गुलाबपाणी शिंपडून झाल्यावर खुर्च्यांच्या कापडाला राहतो तसा. संध्याकाळी : चौथीत असतानाचा सेंटवाला खोडरबर. आईच्या रकान्यात तिन्ही वेळा 'नाही'. पण खोडरबरवर ती हसली. "तू त्यो खाल्ला होतास," म्हणाली.

खस

खस म्हणजे आपला वाळा. अत्तर हिरव्या रंगाचं होतं, म्हणून हिरव्या वासाची अपेक्षा होती. सरबताच्या बाटलीनं लावलेली सवय. पण खस हिरवा नाहीच. तो मुळाचा वास आहे आणि मुळासारखाच वागतो. आधी काही नाही, दहा मिनिटांनी खालून वर येतो. ओली माती, सोललेलं लाकूड, थोडा कडू धूर. जूनच्या त्या आठवड्यात पावसानं दडी मारली होती, बारामतीत घामाच्या धारा लागल्या होत्या. बाकीची अत्तरं घामात बिघडतात, आंबूस होतात. खस घाम आला की उलट मोकळा होतो.

मी आईला सांगितलं, "मातकट आहे."

"मातकट म्हणजे वाईट की."

"वाईट नाही. थंड."

"मग मातकट नको म्हणू. मातकट म्हणजे न धुतलेल्या बटाट्याचा. हा कसा, कोरा का ओला? तुरट का कडसर?"

तेव्हा कळलं की तिच्याकडे वास नव्हता, पण वासाचे शब्द सगळे शाबूत होते. कुबट, कोंदट, खवट, करपट, उग्र, हिरवट, शिळवट, वशाट, खमंग, खरपूस. माझ्याकडे नाक होतं आणि शब्द नव्हते. खमंग आणि खरपूस यांतला फरक मला तिनं ओट्याशी उभं करून शिकवला. बेसन भाजताना आधी खमंग येतो, त्याच्या पुढं पाऊण मिनिटानं खरपूस, आणि त्यानंतर आणखी थांबलास तर करपट. "कुठं थांबायचं ते मला सांगायचं." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात कामाचा माणूस होतो. दुपारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी फोडणीजवळ उभा असायचो. "आता मोहरी. आता लसूण झाला. उतर, उतर!"

खसाच्या रकान्यात तिनं 'नाही' म्हटलं, मग थोडं थांबून म्हणाली, "आमची म्हातारी माठात वाळा टाकायची." म्हणून मी तिथं कंसात 'माठ' लिहिलं. वास नव्हता तो. पण 'नाही'सुद्धा लिहावंसं वाटेना.

हिना

हिना लावली डिसेंबरात. चाचांनीच सांगितलं होतं, "ये गरम है, ठंडीमें लगाना." मला वाटलं मेंदीचा वास असेल. ते पुष्कळ मसाले, मुळं आणि वनस्पती मिळून केलेलं अत्तर आहे. पहिल्या मिनिटाला ते अंगावर येतं. ओवा, जायफळ, जुनी लाकडी ट्रंक, आणि त्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं कुणाचं तरी गरम कापड. तासाभरानं तिखटपणा जातो आणि ऊब राहते. आंघोळ केली तरी गेलं नाही. शर्टच्या कॉलरला धुतल्यावरही होतं.

त्या संध्याकाळी पप्पा शेतावरून आले, माझ्या मागून गेले आणि थांबले. "दादा आल्यागत झालं," म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील. बाजाराच्या दिवशी धोतर नेसून निघताना कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवायचे. मी सहा वर्षांचा असताना ते गेले. मला त्यांचा चेहरा फोटोतलाच आठवतो. पप्पा माझ्या शेजारी बसले, काही न बोलता टीव्ही बघितला आणि जेवायला उठले. माझ्या शीटमध्ये पप्पांसाठी रकाना नव्हता, तो त्या रात्री वाढवला.

आईला हिनाचाही वास आला नाही. तिला आमच्या दोघांकडे बघून काहीतरी चाललंय एवढं कळलं. "मला सोडून घरात सगळ्यांना लोक भेटायला लागलेत," असं ती गमतीनं म्हणाली. ती गंमत नव्हती.

बारा आठवडे कधीच संपले होते. सात महिन्यांचा रकाना मी एकदा वरून खाली सरकवून बघितला. 'नाही', 'नाही', 'नाही', एकदा लवंगेला 'झोंबलं'. झोंबणं म्हणजे वास नव्हे, ते वेगळ्या नसेचं काम आहे, हेही मला आता माहीत झालं होतं. तिला सांगितलं नाही.

ऊद

मार्च २०२२मध्ये ऑफिसनं परत बोलावलं, मी पुण्याला आलो. रविवार पेठेतून एक बाटली ऊद घेतला. अगरच्या झाडाला बुरशी लागली की झाड जखमेभोवती राळ साठवतं. ते काळं पडलेलं लाकूड म्हणजे ऊद. निरोगी झाडाला हा वास नसतो. माझ्या बाटलीत खऱ्या लाकडाचा अंश किती हे मी आता विचारत नाही, पण वास असा होता : आधी गोठा आणि चामडं, मग डिंक, मग विझलेली शेकोटी. पहिल्या दिवशी नकोसा वाटला. चौथ्या दिवशी मनगट नाकाशी नेल्याशिवाय चैन पडेना.

ऑफिसात एक जण माझ्या डेस्कजवळ आला, वास घेतला आणि म्हणाला, "काय रे, नमाज पढून आलास की काय?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पुढचा आठवडा मी डिओ मारून गेलो.

रात्री फोनवर आईला उदाचं वर्णन सांगितलं आणि हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. "तू काय म्हणलास?"

"काही नाही. हसलो."

"संक्रांतीला सवाष्णींच्या हाताला लावतो ते कुठनं येतंय? पांडुरंगाचा बुक्का आपण कुणाकडनं घेतो?" मग म्हणाली, "असू दे. सांग, गोठा म्हणजे म्हशीचा का गाईचा?"

मी उत्तर दिलं. पण हसलो होतो ते राहिलंच. उदाची बाटली आजही अर्धी आहे आणि लावताना प्रत्येक वेळी आधी तो डेस्क आठवतो, मग शेकोटी येते.

केवडा आणि मिट्टी

त्या मे महिन्यात आईला तिच्या माहेरी घेऊन गेलो. इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला. आधी इंदापुरात मावशीकडं काम होतं, म्हणून निमगाव केतकीवरून गेलो. गावाच्या नावात केतकी, आणि प्रसिद्ध आहे ते पानमळ्यांसाठी. नावाला मान म्हणून मी त्या दिवशी केवडा लावला होता. मोठी चूक. केवड्याचं अत्तर ओडिशातल्या गंजामकडून येतं. ते वाईट नाही, पण त्याला घरात कसं बसावं कळत नाही. पिवळा, धारदार, गोड आणि थेट कपाळात जाणारा. बंद गाडीत, बेचाळीस डिग्रीत, अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं. खिडक्या उघडल्या तर आत धुरळा. आई मजेत बसलेली. "मला बरंय बाई," म्हणाली, "मला काय बी होत नाही." आजारावर ती स्वतःहून विनोद करायला लागली होती. हे सुधारणेचं लक्षण आहे की हार मानल्याचं, हे मला ठरवता येईना.

तिचं माहेरचं जुनं गाव आता पाण्याखाली आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागं पसरत इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावं उठली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. दुष्काळाच्या वर्षी पाणी फार ओसरलं की ते उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. पाणी आलं तेव्हा आई दहा-अकरा वर्षांची होती. नवं गाव वर वसलं. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात. माझ्यासाठी उजनी म्हणजे तेच : पक्षी आणि तळलेले मासे.

संध्याकाळी आम्ही काठाला गेलो. पाणी बरंच मागं सरकलं होतं. भेगाळलेला गाळ, शेवाळ, टाकून दिलेली जाळी. मी खिशातून शेवटची बाटली काढली. मिट्टी अत्तर. तळ्याची माती भाजून, तिचे तुकडे डेगेत घालून त्याची वाफ पकडतात. १९६४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं. त्या शोधनिबंधात उत्तर प्रदेशातल्या या अत्तराचाही उल्लेख आहे. शास्त्रज्ञांनी नाव द्यायच्या आधी कनौजच्या लोकांनी तो वास बाटलीत भरून विकायला काढला होता.

मी लावलं आणि सवयीनं सांगायला लागलो. "कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर येतो तसा. थोडा भाजलेला. खाली चंदन असावं." तिनं माझं मनगट धरलं, नाकाशी नेलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"ओलं पोतं," ती म्हणाली.

"काय?"

"माठ नाही. पोतं. भिजून वाळलेलं गोणपाट."

मी मनगट परत घेतलं आणि वास घेतला. माठ होता, चंदन होतं. डोळे मिटले, पुन्हा घेतला. आणि तळाशी, मला तोवर कधीच न लागलेला, तागाच्या गोणपाटाचा वास होता. खरोखर होता. मी सुचवलेला नव्हता, कारण तो मलाच माहीत नव्हता.

ती काठाकडं बघत म्हणाली, "सामान वर आणताना समदं पोत्यात भरलं होतं. वाटेत पावसानं गाठलं." नाकाला आला म्हणून आठवलं, की आठवलं म्हणून आला? मी विचारलं नाही. माझ्याकडं पुरावा होता. पोतं बाटलीत होतं.

घरी येताना ती तीनदा मनगट मागून घेऊन बघत होती. दुसऱ्यांदा 'हाय', तिसऱ्यांदा 'गेला'. शीटमध्ये मी दोन्ही लिहिलं.

नंतर

इथून पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. वास परत आले ते चुकीच्या पत्त्यावर आले. कांदा परतताना तिला काहीतरी कुजल्यासारखं यायला लागलं, कॉफी रबर जळल्यासारखी. याला पॅरॉस्मिया म्हणतात. नव्यानं उगवलेल्या पेशींची जोडणी आधी अशीच गोंधळलेली असते. चार महिने आमच्या घरात कांद्याशिवाय स्वयंपाक झाला. पप्पा तक्रार न करता जेवले, हे नोंदवून ठेवतो.

त्याच वर्षी, दोन वर्षं एसटीतून गेलेली तुकोबांची पालखी पुन्हा पायी निघाली. बारामतीत शारदा प्रांगणात मुक्काम होता. गर्दीत कुणीतरी आईच्या कपाळाला बुक्का लावला, तो नाकावर सांडला, आणि ती शिंकली. मग बोटानं पुसून बोट नाकाशी नेलं. "लांबनं येतोय," म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतनं आल्यागत."

आज तिला अंदाजे निम्मे वास येतात. लवंग, बुक्का, पाऊस, मिट्टी येतात. गुलाब अजून नाही, आणि गॅस भरवशाचा नाही. म्हणून ओट्याजवळ भिंतीला एक डिटेक्टर बसवलाय. तो हिंगाच्या फोडणीलाही कधीकधी ओरडतो. काळा मसाला तिनं पुन्हा भाजला. मी पुण्याहून सुट्टी टाकून गेलो होतो, खरपूस कुठं ते सांगायला. तिनं माझ्याआधी दोन सेकंद गॅस बंद केला.

त्यानंतरच्या संक्रांतीला अत्तरदाणी घासून भरली. यंदा हिना भरायची असं तिनंच ठरवलं, चाचांकडून मीच आणली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या मनगटाला ती अत्तर लावत होती आणि मी आत तिळगुळाच्या डब्या मोजत होतो. बाहेरून तिचा आवाज येत होता. एकीचा हात हातात धरून ती विचारत होती,

"कसा येतोय? छान नको म्हणू. नीट सांग."